बाथरूममधला गॅस गिझर: वास कसला, धोका कुठे आणि नेमकं करायचं काय

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "गिझर लावला की कसलातरी वास येतो, कोणी चांगला मेकॅनिक सांगा प्लीज". मग दोन-चार नंबर येतात, मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय संपतो. मेकॅनिक येतो, सेल बदलतो, पैसे घेतो, जातो. वास कसला होता, कधी येत होता, हे कोणी विचारतच नाही. आणि गोची तिथेच आहे, कारण सगळे वास सारखे नसतात आणि ज्या गोष्टीने माणूस जातो तिला तर वासच नसतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. ज्यांच्याकडे गॅसवरचा गिझर आहे त्यांनी तर वाचाच, आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी पुढेमागे भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा कामाला येईल म्हणून वाचा.

जुन्या घरांमधून तांब्याचा बंब असायचा. पेटवला की सगळ्या घराला कळायचं, डोळे चुरचुरायचे, धूर व्हायचा, म्हणून तो मागच्या पडवीत नाहीतर अंगणात. न्हाणीघरात बंब पेटवून, दार लावून कोणी आंघोळीला बसलं असतं तर घरातल्या म्हातारीने काठी घेतली असती. गॅस गिझर म्हणजे तोच बंब आहे हो, फक्त धूर दिसत नाही म्हणून आपण तो चार बाय सहाच्या बाथरूममध्ये भिंतीला टांगला आणि वर कडी लावून घेतली.

जरा हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गिझर, पाणी २५ डिग्रीने तापवायचं, तर साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. किचनमधल्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो, म्हणजे चार-पाच मोठे बर्नर एकदम फुल करून बाथरूममध्ये बसल्यासारखं झालं. एवढा गॅस नीट जळायला तासाला साधारण १२ घनमीटर हवा लागते आणि ४ बाय ६ फुटाच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. खिडकी-दार गच्च बंद असेल आणि हवा कुठूनच येत नसेल तर हिशोबाने पाचेक मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या घरात येतो. मग ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटून बसतो, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचतच नाही. माणूस ओरडत नाही, धडपडत नाही, पाय गळतात आणि खाली बसतो. २०२३ च्या होळीला घाटकोपरमध्ये एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं होतं, आठवत असेल, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला होता.

आता वासाकडे येऊ.

कुठला वास म्हणजे काय

सडक्या कोबीसारखा, लसणीसारखा, उग्र वास आला तर तो न जळलेला गॅस. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचं रसायन मुद्दाम घालतात. हा वास गिझर चालू करताना क्षणभर येऊन गेला तर बहुतेक वेळा सेल उतरलेले असतात, ठिणगी उशिरा पडते, तोवर थोडा गॅस बाहेर येतो आणि मग 'भप्प' आवाज होऊन पेटतं. ते मोठे दोन सेल असतात ना खाली डब्यात, ते बदला. नवीन सेल टाकूनही भप्प होतंय तर बर्नरमध्ये कचरा आहे किंवा ठिणगीची पिन सरकलीय, तिथे स्वतः हात घालू नका. पण गिझर बंद असतानाही हा वास येतोय, तर ती गळती आहे आणि मग उद्या बघू असं नसतं, पुढे सांगते काय करायचं. सिलिंडरवाल्यांसाठी एक गंमत, सिलिंडर संपत आला की हा वास जरा जास्त जाणवतो, कारण वासाचं रसायन तळाशी जास्त राहतं. तरी गळती नाही याची खात्री करूनच गप्प बसा.

दुसरा वास म्हणजे डोळ्यांना झोंबणारा, नाकात चुरचुरणारा. हा कोबीचा नसतो, याला नीट नावही देता येत नाही, लोक म्हणतात "गिझर चालू असला की कोंदट होतं". यालाच घाबरा. गॅस अर्धवट जळतोय याची ही खूण आहे, यात जे झोंबतंय ते वेगळं रसायन, पण जिथे ते आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड असण्याची शक्यता दाट. अशा वेळी गिझर बंद, दार उघडं, बाहेर या. दुरुस्त होईपर्यंत शेगडीवर पाणी तापवा, काही बिघडत नाही.

नवीन गिझरला पहिले काही वेळा ऑइल-पेंट जळाल्यासारखा वास येतो, तो जातो. आठवडाभर वापरूनही नाही गेला तर दुकानदाराला बोलवा.

मग एक वास आपणच तयार करतो. गिझरच्या खाली किंवा बाजूच्या कपाटात टॉयलेटचं ॲसिड, ब्लीच, डांबरगोळ्या, झुरळाचा स्प्रे, नेलपॉलिश काढायचं लिक्विड असं सगळं दुकान मांडलेलं असतं, त्याची वाफ ज्योतीतून गेली की घाण तिखट वास येतो. शिवाय ॲसिडच्या वाफेने आतलं तांब्याचं कॉइल आणि पत्रा सडतो, मुंबईच्या खाऱ्या हवेने अर्धं काम आधीच केलेलं असतं. तो सगळा साठा आजच्या आज दुसरीकडे हलवा.

आणि शेवटचा वास, ज्याने अर्ध्या सोसायटीला पळवलेलं असतं, तो गटाराचा. पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि ड्रेनेजची हवा सरळ वर येते, सडक्या अंड्यासारखी, लोकांना वाटतं गॅस लीक. जाळीत एक बादली पाणी ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा, गेला तर तो नहाणी ट्रॅपच होता. अर्थात जरासुद्धा शंका असेल तर आधी गॅस समजूनच वागा, गटाराचं नंतर बघता येतं.

कधीकधी वास घरातला नसतोच म्हणा. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री चेंबूर, घाटकोपर, पवईपासून कांदिवलीपर्यंत लोकांना गॅसचा वास आला होता, जून २०२० मध्ये पुन्हा पूर्व उपनगरांत तेच झालं, सगळे आपापला गिझर आणि सिलिंडर हुंगत बसले होते. खिडकी उघडल्यावर वास वाढतोय असं वाटलं तर शेजारी विचारा, पण घरातला कॉक बंद करूनच विचारा.

गॅसचा वास आला तर

कुठलाही स्विच दाबायचा नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही. लोक सगळ्यात आधी तोच लावतात, वास जावा म्हणून, आणि त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. देवापुढचा दिवा आणि अगरबत्ती विझवा. पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक फिरवा, दांडा पाइपला आडवा झाला की बंद. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि ती पांढरी टोपी लावा, जी दोरीने बांधलेली असते आणि वेळेला कधी सापडत नाही. दारं-खिडक्या सताड उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि जाळीत उतरतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडं पाहिजे. पाइपचा गॅस हलका, तो वर छताला साठतो, त्याला वरची खिडकी उघडी हवी. मग सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जिन्यात किंवा खाली, लिफ्ट नको, आणि तिथून फोन करा. सिलिंडरसाठी १९०६ हा नंबर सगळ्या कंपन्यांना चालतो, पाइपवाल्यांचा इमर्जन्सी नंबर बिलावर छापलेला असतो, तो आत्ता हे वाचता वाचता फोनमध्ये सेव्ह करा. फायर ब्रिगेड १०१.

बारीकसारीक गळती शोधायची असेल तर कपडे धुवायच्या पावडरचा दाट फेस करून जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. फुगे यायला लागले की सापडली. काडी पेटवून बघणारे महाभाग अजूनही भेटतात, त्यांना हात जोडा आणि घराबाहेर ठेवा. रबरी नळी बघायला विसरू नका, गिझरच्या मागे ती भिंतीला घासते आणि उंदरांनाही आवडते. सिलिंडरच्या आयएसआय मार्कवाल्या सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात, तारीख नळीवरच छापलेली असते, वाकून बघायचा कंटाळा करू नका.

ज्योत बघायला शिका

ज्याला वासच नाही त्या कार्बन मोनॉक्साइडसाठी नाक कामाचं नाही, डोळे वापरा. गिझरला समोर एक छोटी खिडकी किंवा भोक असतं. दार उघडं ठेवून गिझर चालू करा आणि आत बघा. ज्योत निळी, ताठ, एकसारखी, टोकं टोकदार, असं असेल तर बरं चाललंय. पिवळी, नारंगी, आळसावलेली, वर लवलवणारी, किंवा अर्धा बर्नर निळा आणि अर्धा पिवळा, तर बिघडलंय. मग गिझरच्या वरच्या बाजूला बघा, पत्र्यावर किंवा भिंतीवर काळं धरलंय का. बोट फिरवा, काजळी लागली तर तो गिझर त्या दिवसापासून बंद, मेकॅनिकने हात लावेपर्यंत.

हे आता खूप लोकांच्या बाबतीत होतं म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी सिलिंडर होता, मग बिल्डिंगमध्ये पाइपलाइन आली, शेगडीचे जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून गॅस येतो ते तुकडे, बदलून दिले, आणि गिझर? त्याला विसरले. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसच्या साधारण अडीच पट उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक, पाइपवाल्याचं मोठं. सिलिंडरवाला गिझर पाइपला जोडला तर ज्योत एवढीशी येते, पाणी तापत नाही, लोक कुरकुर करतात पण निदान कळतं तरी. उलटं केलं, म्हणजे पाइपवाला गिझर कोणाकडून सेकंडहँड घेतला आणि सिलिंडरला जोडला, तर गॅस नको इतका येतो, मोठी पिवळी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर. गिझरच्या बाजूला प्लेट असते त्यावर कुठल्या गॅससाठी आहे ते लिहिलेलं असतं, ती वाचा. आणि जेट बदलायला कंपनीचा माणूसच बोलवा, "मी सुईने भोक मोठं करून देतो काकू" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

विकत घ्यायचा असेल तर सिलिंडरवाल्या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, तो मार्क बघून घ्या, शिवाय ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का, ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर आहे का, हे विचारा. बऱ्याच गिझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, ती आहे म्हणून कोणी निर्धास्त होऊ नका, वरचा हिशोब पाच मिनिटांचा होता.

हवा येते कुठून आणि जाते कुठे

माझं मत विचाराल तर अर्धा विषय इथेच आहे, आणि मेकॅनिक नेमका याच्याकडे बघत नाही.

आपल्याकडे बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते, ती डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगमधल्या उभ्या पोकळीत उघडते. थंडी वाजते म्हणून कोणी त्यावर पेपर चिकटवतं, कबुतरं येतात म्हणून कोणी प्लायवूड ठोकतं, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून कोणी प्लास्टिक लावतं, रिनोव्हेशनवाला तर सरळ फिक्स काच बसवून एक्झॉस्टला गोल भोक ठेवतो, छान दिसतं. ते सगळं काढा. वरची जागा कायम उघडी पाहिजे, आणि नुसती वरची पुरत नाही, दाराच्या खालच्या भागात जाळी पाहिजे, सुतार अर्ध्या दिवसात बसवून देतो. खालून ताजी हवा, वरून गरम हवा बाहेर, एवढं साधं आहे. कबुतरांसाठी बाहेरून नेट लावा, काच बंद करू नका.

धुराच्या पाइपचा गिझर असेल, म्हणजे वरून पत्र्याचा पाइप निघून भिंतीबाहेर जातो तो, तर बाहेरचं टोक वर्षातून एकदा तरी कोणाला तरी बघायला लावा. मुंबईत कबुतराला सहा इंचाचं भोक म्हणजे वन बीएचके, काड्या आणून एका आठवड्यात घर करतं. पाइप भरला की धूर परत बाथरूममध्येच. पावसाळ्यात समुद्राकडून वारा जोरात असला की तो पाइपातून उलटा आत येतो, त्यासाठी टोकाला टोपी असते, ती गंजून पडलेली असते हे कोणाला माहीतच नसतं. आणि पाइप डक्टमध्ये सोडलाय पण डक्टला वर पत्रा टाकून बंद केलंय, असंही बघितलंय, मग तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये जातो आणि त्यांच्याकडे तर इलेक्ट्रिक गिझर असतो, त्यांना सुचणार तरी कसं. हा मुद्दा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या आधी घ्या, पार्किंग सुरू झालं की मग रात्रीचे अकरा वाजतात.

एक्झॉस्ट फॅनबद्दल सगळ्यांचा गैरसमज आहे. पंखा लावला की झालं असं वाटतं. दाराखाली जाळी नसेल आणि पंखा हवा बाहेर फेकत असेल तर त्याला आत हवा कुठूनतरी लागणारच, ती तो धुराच्या पाइपातून ओढतो, म्हणजे बाहेर जाणारा धूर खेचून तुमच्या डोक्यावर सोडतो. याहून भारी म्हणजे किचनची चिमणी. हल्लीच्या चिमण्या तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढतात, त्या फ्लॅटमध्ये स्लायडिंग खिडक्या बंद, एसी चालू, आई किचनमध्ये मासे तळतेय चिमणी फुल लावून आणि मुलगा बाथरूममध्ये गिझर लावून आंघोळीला गेलाय, तर ती चिमणी हवा कुठून ओढणार, बाथरूमच्या धुराच्या पाइपातून.

हे घरच्या घरी तपासता येतं. आधी कॉकजवळ, नळीजवळ गॅसचा वास अजिबात नाही याची खात्री करा, मग रोज असतात तशा खिडक्या बंद ठेवा, चिमणी फुलवर, एक्झॉस्ट चालू, बाथरूमचं दार लावलेलं, तुम्ही आत पण बाहेर एक माणूस उभा. गिझर दोन मिनिटं चालवा आणि वरच्या पत्र्याच्या झाकणाला जिथे फटी असतात तिथे पेटलेली अगरबत्ती धरा. धूर आत ओढला जातोय तर पाइप काम करतोय. धूर तुमच्या तोंडावर येतोय किंवा हाताला गरम दमट हवा लागतेय, तर धूर घरात येतोय, लगेच बंद करून दार उघडा. मग चिमणी बंद करून पुन्हा बघा, एक्झॉस्ट बंद करून पुन्हा बघा, दोषी कोण ते पाच मिनिटांत समजतं.

धुराचा पाइप नसलेला छोटा गिझर, स्वस्तातला, ज्याचा धूर सरळ बाथरूममध्येच सुटतो, त्याच्याबद्दल मी तपासण्या सांगणारच नाही. तो बाथरूममध्ये नको. ड्राय बाल्कनीत, उघड्या गॅलरीत, चाळीत असाल तर बाहेरच्या पॅसेजला हवेशीर जागी लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. प्लंबरचा खर्च येतो, पाणी गरम यायला थोडा वेळ लागतो, पण बाहेर ज्योत बिघडली तरी धूर हवेत जातो. आणि बाथरूमला बाहेरची खिडकीच नसेल, आतल्या बाजूचं बाथरूम असेल, तर कुठलाही गॅस गिझर आत नको, धुराच्या पाइपवालाही नको.

तोपर्यंत आंघोळ कशी करायची

बदल करायला वेळ लागतो, मान्य, घरमालक ऐकत नाही, प्लंबर येत नाही. तोवर बादली-तांब्या. दार सताड उघडं ठेवून आधी बादली भरा, गिझर बंद करा, दोन मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जा. शॉवर चालू गिझरवर नको. घरात चार जण असतील तर लागोपाठ नको, मध्ये दहा मिनिटं दार-खिडकी उघडी. आतून कडी अशी ठेवा जी बाहेरून नाण्याने उघडता येईल, बाजारात मिळते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना गिझर चालू असताना एकटं सोडू नका, बाहेरून बोलत राहा, "झालं का हो बाबा" असं दर मिनिटाला विचारलं तर वैतागतील, वैतागू देत, उत्तर आलं म्हणजे ठीक आहेत.

अंगावर काय जाणवतं

डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, पाय लुळे पडणं, छातीत धडधड. आपण म्हणतो उपाशीपोटी आंघोळ केली, पित्त झालं, बीपी लो झालं. ओळखायची खूण अशी की बाहेर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं, पुन्हा आंघोळीला गेलं की पुन्हा तेच, किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच सकाळी डोकेदुखी. काहींना तर झटकेच येतात आणि मग घरचे म्हणतात फिट आली, कांदा हुंगवा. कांदा नको, हवा हवी.

कोणी आत पडलेलं दिसलं तर आधी दार-खिडकी उघडा, बाहेरचा कॉक बंद करा, ओढून हवेत आणा, १०८ किंवा ११२ लावा, श्वास नसेल तर येत असल्यास सीपीआर. तुम्ही स्वतः त्या खोलीत जास्त वेळ थांबू नका, वाचवायला गेलेलेही पडतात. आणि एक महत्त्वाचं, कोविडपासून घराघरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, ते इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, आकडा ९८ दाखवेल आणि माणूस जात असेल. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा, "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता", आणि कार्बोक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तात किती कार्बन मोनॉक्साइड चिकटलाय त्याची टेस्ट करा म्हणून सांगा. साध्या हवेत हे विष अर्धं व्हायला चार-पाच तास लागतात, मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला की साधारण तास-दीड तासात, म्हणून "आता बरं वाटतंय, घरीच झोपतो" हे ऐकायचं नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं काही दोन-तीन आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना जुनी गोष्ट आठवणीने सांगा.

अलार्म

ऑनलाइन दोन प्रकारचे मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. एक गॅस लीकचा, तो न जळलेला गॅस पकडतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा. गिझरसाठी दुसरा हवा, पहिल्याने दुसऱ्याचं काम होत नाही. बॉक्सवर ईएन ५०२९१ लिहिलंय का बघा, या मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा आणि ५० पीपीएमला तास-दीड तासात. म्हणजे कमी प्रमाणात लगेच वाजत नाही, तो बिघडला असं समजून सेल काढू नका. वाफेत तो खराब होतो म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर लावा, आणि दाराबाहेर लावलाय म्हणजे आत बसलेल्या माणसाला तो उशिरा सांगणार हेही लक्षात ठेवा, हवेची सोय आधी, अलार्म नंतर. मागच्या बाजूला एक्सपायरी असते, ती गेली की टेस्टचं बटण वाजत असलं तरी आतला सेन्सर मेलेला असू शकतो.

सर्व्हिसिंग आणि घरमालक

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, दिवाळीच्या साफसफाईत. मेकॅनिकच्या बाजूला उभं राहा आणि बर्नर बाहेर काढून घासून घ्या, आतल्या तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी असते ती काढायला लावा, गिझर बंद असताना कोळी बर्नरच्या नळीत जाळं करतात ते बघायला लावा, धुराचा पाइप सोडवून फुंकून घ्या. वरचं कव्हर न उघडता "ओके आहे मॅडम" म्हणाला तर ती सर्व्हिसिंग नाही. झाल्यावर त्याच्यासमोर ज्योत बघा, आणि अगरबत्ती परत एकदा.

भाड्याच्या घरात असाल तर अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटआधी बाथरूममध्ये उभं राहून वर बघा, पाइप आहे का, खिडकी उघडते का. मालकांना तोंडी सांगू नका, ज्योतीचा आणि काजळीचा फोटो काढून मेसेज करा, "काका, गिझर पिवळा जळतोय, मेकॅनिकने वापरू नका सांगितलंय, बदलून द्याल की मी बदलून भाड्यातून वळता करू". काजळीचा फोटो बघितला की बहुतेक काका लवकर हलतात.

आणि नवीन गिझर लागला की जुना, विशेषतः तो बिनपाइपचा, कामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमन दादांना देऊ नका. "चालू आहे, घेऊन जा, तुमच्याकडे थंडीत बरा पडेल" म्हणून आपण चांगल्या मनाने देतो, आणि तो दहा बाय दहाच्या खोलीतल्या मोरीत लागतो जिथे खिडकी मुळात नसते. गॅसची नळी आणि जेट काढून, कॉइल तोडून भंगारात द्या, तांब्याचा भाव बरा मिळतो, ते पैसे मावशींना द्या.